उस्मानपुऱ्याचे मामा

भांड्यावर घातलेलं नाव निघत नाही. हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. लोक मान डोलवतात आणि दोन वर्षांनी तेच भांडं घेऊन परत येतात. भावाभावांत वाटणी झालेली असते, किंवा देणाऱ्याशी बोलणं बंद झालेलं असतं, किंवा लग्नच मोडलेलं असतं. मी पुन्हा तेच सांगतो. मग ते भांडं माझ्यासमोर आपटतात. आपटल्यानंही नाव निघत नाही.

औरंगाबादच्या कासारी बाजारात लक्ष्मणशेठच्या भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर मी चाळीस वर्षं बसलो. आधी छिन्नी-हातोडी होती, मग विजेचं मशीन आलं. बहात्तरच्या दुष्काळात वैजापूरकडून शहरात आलो तेव्हा मला एकही अक्षर येत नव्हतं. काम शिकवणारे फकिरा उस्ताद म्हणाले, "पढने का काम नहीं है, उतारने का है." गिऱ्हाईक चिठ्ठी द्यायचं, मी तिच्यावरच्या आकृत्या भांड्यावर उतरवायचो. वीस वर्षं मी लोकांच्या लग्नांची आणि बारशांची भांडी केली, आणि त्यातलं एकही वाचलं नाही.

मग एकदा उस्मानपुऱ्याच्या भानुमतीबाईंच्या लक्षात आलं, की मी चिठ्ठी उलटी धरली आहे. भांडंही उलटं धरलं होतं, त्यामुळं काम बरोबर चाललं होतं. पण बाई शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांना हात रिकामे वाटत होते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या पायरीवर येऊन बसायच्या. बेचाळिसाव्या वर्षी मला वाचता यायला लागलं. त्यानंतर मी समोर येईल ते मोठ्यानं वाचत असे. दुसऱ्या वर्षी भूकंप झाला.

भूकंप लातूरकडं झाला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे. शहरात ट्रक भरून मदत गोळा होऊ लागली. उस्मानपुऱ्यातही समिती झाली. अध्यक्ष व्यंकटराव, सरकारी इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. चिटणीस भानुमतीबाई. पहिल्या आठवड्यात समितीकडं जुने कपडे आले. त्यात तीन कोट होते, लोकरीचे पायमोजे होते आणि वकिलाचा एक काळा डगला होता. व्यंकटरावांनी सगळ्याची यादी केली.

भानुमतीबाई म्हणाल्या, "डगला घालून माणूस शिजवणार कशात?"

म्हणून भांडी द्यायचं ठरलं. दर घरी दोन ताटं, दोन वाट्या, दोन ग्लास, एक पातेलं, एक तांब्या आणि एक पळी. एका गावातली साठ घरं घ्यायची. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.

"नुसती भांडी दिली तर ती कुणी दिली, कुणाला दिली, काहीच कळणार नाही," व्यंकटराव म्हणाले. "नाव पाहिजे."

"कुणाचं?" बाईंनी विचारलं.

त्यावर बैठक साडेतीन तास चालली. समितीत अकरा जण होते. शेवटी व्यक्तीचं नाव नको, समितीचं घालावं असा ठराव झाला, आणि सगळे थोडे थोडे नाराज होऊन घरी गेले. मजकूर ठरला तो असा: भूकंपग्रस्तांस सप्रेम भेट, मदत समिती, उस्मानपुरा.

ताटावर सगळं मावलं. वाटीवर आणि ग्लासवर समितीची दोन अक्षरं करून बसवली. पळीचा दांडा अरुंद होता.

"पळीवर काय घालू?" मी विचारलं.

"महत्त्वाचं तेवढं घाला," व्यंकटराव म्हणाले.

"महत्त्वाचं काय?"

त्यांनी चष्मा काढून विचार केला. "भूकंपग्रस्त."

अशा साठ पळ्या मी भूकंपग्रस्त केल्या. पाचशे चाळीस भांडी, बारा दिवस. मेहनत माझी देणगी होती. मला अभिमान वाटत होता, कारण आयुष्यात पहिल्यांदा मी काय घालतोय ते मला वाचता येत होतं.

दिवाळीच्या आधी ट्रक घेऊन आम्ही गेलो. गाव नव्हतं. गावाशेजारी पत्र्याच्या शेडांच्या ओळी होत्या. व्यंकटरावांनी टेबल मांडलं, यादी उघडली आणि घर नंबर पुकारायला सुरुवात केली. भांडी हातात द्यायला मी होतो. माणसं रांगेत येत होती आणि घेऊन जात होती. आमच्यातला एक जण फोटो काढत होता, तो प्रत्येकाला भांडं जरा वर धरायला सांगायचा.

एक पन्नाशीची बाई माझ्यापुढं थांबली. तिनं ताट उचलून बघितलं.

"काय लिवलंय, भाऊ?"

मी बोट धरून सगळं वाचून दाखवलं.

"भूकंपग्रस्त म्हंजी?"

"म्हणजे तुम्ही."

तिनं ताट खाली घेतलं. "आन् पळीवर?"

"पळीवरपण तुम्हीच."

"अस्सं," ती म्हणाली. पळी तिनं पातेल्यात घातली आणि पातेल्यावर पदर टाकला. ती सरूबाई.

तिच्या मागं पंधरा-सोळा वर्षांची मुलगी उभी होती.

"तुमच्या घरचं झालं," व्यंकटराव म्हणाले. "ही कोण?"

"ही आवडा. माज्या भावाची. तिचं घर येगळं. एकोनीस नंबर."

व्यंकटरावांनी यादीवरून बोट फिरवलं. "एकोणीस नंबरमध्ये माणसं सहा आहेत."

"आता एक हाय," सरूबाई म्हणाली.

व्यंकटरावांनी सहाचा आकडा खोडला आणि शेजारी 'एक' असं अक्षरात लिहिलं. मग बराच वेळ त्यांनी पुढचा नंबर पुकारला नाही. नंतर म्हणाले, "नियमानं दर घरी एक संच. द्या हो, पुंजाराम, पूर्ण द्या." मी नऊ भांडी त्या मुलीच्या हातात दिली. फोटोवाला म्हणाला, जरा वर धर. तिनं धरलं.

परत येताना ट्रकमध्ये सगळ्यांना काम चांगलं झाल्यासारखं वाटत होतं. मलाही वाटत होतं.

अडीच वर्षं गेली. उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका मंगळवारी सकाळी, सरूबाई कासारी बाजारात आली. डोक्यावर गोणपाटाचं गाठोडं. बसस्टँडपासून ती दर दुकानात विचारत आली होती, की भूकंपात ट्रकाबरोबर आलेला नाव घालणारा कुठं बसतो. शहरात नाव घालणारे सात-आठ जण होते. तिनं पाच जणांची तोंडं बघितली होती, मी सहावा.

"तुमीच," ती म्हणाली आणि गाठोडं सोडलं.

नऊ भांडी होती. नवी कोरी. राखेनं घासून इतकी लख्ख केली होती, की मला ती दुकानातलीच वाटली. मग अक्षरं दिसली.

"वापरली नाहीत?"

"माजी वापरली. ही आवडाची. लग्नासाठी बांधून ठेवल्याली. शुक्रवारी लग्न हाय, हिकडं वैजापुराकडच्या गावात. नवरदेवाच्या दारी." तिनं ताट पुढं केलं. "हे एवढं काढायचं."

तिला वाचता येत नव्हतं, पण बोट बरोबर त्या शब्दावर होतं. तो शब्द ती जागेवरून ओळखत होती.

"नाव निघत नाही, अक्का."

"घातलं कुणी?"

"मी."

"मग काढा की."

मी तिला कामाची माहिती दिली. पॉलिशवाल्याकडं घासून घेता आलं असतं, पण समितीनं पत्रा हलका घेतला होता. शब्द जाईपर्यंत घासलं असतं तर ताटाला भोक पडलं असतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"रुखवत मांडतेत ना, भाऊ," मग ती म्हणाली. "नवरदेवाकडच्या बायका एकेक भांडं उचलून बघत्यात. कुनी दिलं, काय दिलं. नवरदेवाची चुलती शाळंत बाई हाय. आशाबाई. ती समदं मोठ्यांदा वाचती म्हनं. आख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं."

"पण त्यांना माहीत असेल की, मुलगी कुठली आहे ते."

"ठाऊक हाय. ठाऊक असनं येगळं आन् ताटात दिसनं येगळं. पोरगी त्या घरात जनमभर जेवनार. उद्या सासूसंगं वाजलं, तर सासू पळी हातात घिऊनच बोलंल." तिनं पळी उचलून दाखवली. "बस मधी बसलं की भूकंपवाले. कार्डावर भूकंपग्रस्त. नव्या घरावर नंबर. आता सासरी तरी तिला आवडा म्हनू द्या."

बहात्तरला आम्हाला दुष्काळी म्हणायचे. शहरात येऊन खोली घेतली, काम लागलं, तरी दोन वर्षं घरमालक म्हणायचा, "वो दुष्काळी को बुलाव." माझं नाव त्याला माहीत होतं. हे मी सरूबाईला सांगितलं नाही. ती ज्या कामाला आली होती त्याला त्याचा उपयोग नव्हता.

गल्ल्यावरून लक्ष्मणशेठ ऐकत होते. ते म्हणाले, "अरे बाई, छोडो ना. ही नऊ इथं ठेवा, नवी नऊ घेऊन जा. मी देतो. पोरीचं लग्न आहे."

"तुमचे उपकार हायेत, शेठ," सरूबाई म्हणाली. "पर बायका इचारत्याल, कुनी दिलं. काय सांगू? कासारी बाजारातल्या शेठनं दिलं? का दिलं? त्यांचा काय संबंध?" तिनं पळी खाली ठेवली. "आन् ही भांडी तिच्या घरच्या नंबरवर आल्यात. तिची माय दर दिवाळीला एक भांडं घ्यायची, आवडाचं नाव घालून. पंधरा झाली व्हती. कुठं हायेत ते ठाऊक हाय आमाला. वर आता बाभळी उगवल्यात. तिच्या घरचं म्हनून एवढंच हाय."

शेठ पुन्हा हिशेबाच्या वहीत बघू लागले. वही बंद होती.

"म्हणजे देणाऱ्याचं नाव राहू द्यायचं?" मी विचारलं.

"व्हय. देनारा पायजे. काय लिवलंय देनाऱ्याचं?"

"मदत समिती, उस्मानपुरा."

"मदत बी काढा. समिती बी काढा."

"मग नुसतं उस्मानपुरा राहतं."

"उस्मानपुऱ्यात मानूस ऱ्हात असंल की एखादा."

हे काम माझ्या हातातलं नव्हतं. मी मशीन बंद केलं आणि तिला घेऊन उस्मानपुऱ्याला गेलो. गाठोडं तिनं रिक्षात मांडीवर घेतलं, खाली ठेवलं नाही.

समिती अजून चालू होती, म्हणजे ती बंद करण्याचा ठराव कुणी केला नव्हता. फाइल आणि शिक्का व्यंकटरावांच्या कपाटात होता. आम्हाला बघून त्यांनी दोन्ही बाहेर काढलं. शेजारच्या गल्लीतून भानुमतीबाईंना बोलावून घेतलं. सरूबाई खुर्चीवर बसली नाही, भांडी मांडून खाली बसली. मी काय हवंय ते सांगितलं.

"भांडी दिली म्हणजे ती त्यांची झाली," व्यंकटराव म्हणाले. "मजकूर मात्र समितीचा आहे. बदलायचा तर ठराव लागेल."

"मग करा," भानुमतीबाई म्हणाल्या.

"एकीचं नाव घातलं तर उरलेली एकोणसाठ घरं येतील."

"येऊ द्या."

"आणि समितीचं नाव काढलं, तर भांडी दिली कुणी?"

"तेच तर म्हनते, साहेब," सरूबाई म्हणाली. "समिती कुनाची मामा असती व्हय? फेटा कुनाला बांधायचा?"

व्यंकटरावांना समजलं नाही. मग तिनं सांगितलं. आवडाला दोन मामा होते. गणपती बुडवायला बहिणीकडं आले होते, रात्री उशीर झाला म्हणून मुक्कामाला राहिले. लग्नात मुलीला मामानं मांडवात आणायचं असतं. रुखवतातली भांडी मामाकडून आलेली असतात. सरूबाई आत्या, ती तिथं चालत नाही. नवरदेवाकडच्यांनी विचारलं होतं, मामा कोण? ती म्हणाली होती, आहे, औरंगाबादला आहे, भांडी तोच देतोय.

"हे तुम्ही त्यांना सांगून टाकलंत?" व्यंकटरावांनी विचारलं.

"व्हय."

"कधी?"

"साखरपुड्याला."

"म्हणजे तीन महिने झाले."

"व्हय. तवापास्नं काळजीच लागली व्हती."

व्यंकटरावांनी फाइल चाळली आणि त्र्याण्णवचा ठराव काढला. "इथं स्पष्ट आहे. व्यक्तीचं नाव घालायचं नाही."

"तो ठराव तुम्हीच मांडला होता," भानुमतीबाई म्हणाल्या.

"मांडावा लागला. बाकीच्या सगळ्यांना आपापलं नाव पाहिजे होतं."

"आणि तुम्हाला?"

व्यंकटरावांनी कागद सरळ केला. "मलाही पाहिजे होतं," ते म्हणाले.

सरूबाई एका ताटावरचा बोटाचा डाग पदरानं पुसत होती. तिच्यापुढं तीन दिवस होते आणि तिथून दुसरीकडं जाण्यासारखं कुठलंही दार तिच्याकडं नव्हतं. हे तिच्या तोंडावर दिसत नव्हतं. ती जरा जास्त वेळ पुसत होती, एवढंच.

"मामाला काय करावं लागतं?" व्यंकटरावांनी विचारलं.

त्यांना खरोखर माहीत नव्हतं. त्यांना बहीण नव्हती.

"मुलीला मांडवात आणायचं," भानुमतीबाई म्हणाल्या, "आणि तिच्या मागं उभं राहायचं."

"किती वेळ?"

"मंगलाष्टकं संपेपर्यंत."

"गुडघे दुखतात माझे."

"छत्री घेऊन उभे राहा."

व्यंकटरावांनी फाइलीत कोरा कागद लावला. ठराव लिहायला घेतला. अर्ध्यावर थांबले. "मानलेला मामा म्हटलं, तरी कुणाचा तरी भाऊ असावा लागेल. मुलीच्या आईचं नाव काय?"

"द्वारका."

त्यांनी लिहिलं: द्वारकाबाई, बहीण. लिहिलेलं एकदा वाचलं, खाली सही केली आणि शिक्का मारला. बैठकीला किमान तीन सभासद लागत होते म्हणून त्यांनी मला सभासद करून घेतलं. सूचना त्यांची, अनुमोदन माझं. विरोधात कुणी नाही.

बुधवार-गुरुवार मी दुसरं काम घेतलं नाही. नाव निघत नाही, पण नावाचं दुसरं काही करता येतं. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ सरळ असते, तिला मी वेलाची फांदी केली. काने खाली लोंबतात, त्यांना पानं काढली. वळणं होती तिथं फुलं बसवली. 'भूकंपग्रस्तांस' हा शब्द लांब असल्यामुळं वेल चांगला भरला. समितीच्या जागी मदतीपासून समितीपर्यंत दुसरा वेल गेला. वाट्या-ग्लासांवरची दोन अक्षरं दोन कळ्यांत संपली. 'सप्रेम भेट' आणि 'उस्मानपुरा' हे शब्द ठेवले. मधल्या मोकळ्या जागेत नवा मजकूर घातला. वाटीवर तो बसवायला सुई लावून काम करावं लागलं, पण एकही शब्द मी तोडला नाही.

पळीवर दुसरा शब्दच नव्हता. तिचा नुसता वेल झाला असता. सरूबाई शेजारीच बसली होती. दोन दिवस ती तिथंच बसून होती, फक्त जेवायला आणि झोपायला भानुमतीबाईंकडं जायची.

"पळी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ती मी नेते. माजी झिजलीय. आन् मी तर हायेच ती."

भांडी बांधून देताना मी तिला खरं ते सांगितलं. "अक्का, समोरून वेल दिसतो. पण ऊन तिरपं पडलं तर खालची अक्षरं दिसतील. मी कितीही केलं तरी दिसतील."

तिनं विचार केला. "मुहूर्त बाराचा हाय. ऊन डोईवर असंल."

"मग हरकत नाही," मी म्हणालो. आम्ही दोघांनीही आयुष्यात बाराच्या मुहूर्ताची बरीच लग्नं बघितली होती, पण त्या वेळी कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.

शुक्रवारी सकाळी वैजापूरच्या गाडीनं आम्ही तिघं गेलो, भानुमतीबाई, व्यंकटराव आणि मी. व्यंकटरावांनी छत्री घेतली होती. गावात पोचलो तर तीन-चार माणसं मामा आले, मामा आले करत पुढं आली आणि त्यांना फेटा बांधला. फेटा मोठा झाला. तो चष्म्यावर यायचा, मग व्यंकटराव छत्रीच्या मुठीनं तो वर करायचे.

आवडाला त्यांच्या पुढ्यात आणून उभं केलं. तिनं मान वर करून बघितलं.

"तुमी यादीवाले," ती म्हणाली.

"हो," व्यंकटराव म्हणाले.

"तुमी एक लिवलं व्हतं."

"हो."

ती आणखी काही बोलेल म्हणून ते थांबले. तिनं त्यांच्या कोटाची बाही धरली, आणि मांडवापर्यंत ती तशीच धरलेली होती. मुहूर्त बाराचा होता आणि लग्न पावणेतीनला लागलं. नवरदेवाची वरात पारापासून मांडवापर्यंत यायला दोन तास लागले होते. अंतर शंभर पावलांचं असेल. व्यंकटरावांनी पहिल्याच मंगलाष्टकाला सगळ्या अक्षता टाकून दिल्या आणि पुढं रिकामा हात हलवत राहिले. मंगलाष्टकं बावीस मिनिटं चालली, असं नंतर त्यांनी सांगितलं. छत्री त्यांनी टेकवली नाही.

जेवणं होईपर्यंत साडेचार वाजले. मग बायका रुखवताकडं आल्या.

रुखवत लिंबाखाली बाजेवर मांडलं होतं. ऊन लिंबाच्या बुडातून आडवं येत होतं, थेट बाजेवर. ते मला दिसलं आणि सरूबाईलाही दिसलं. ती बाजेच्या आणि उन्हाच्या मधे उभी राहायला गेली, पण बायकांच्या गर्दीत तिला कुणी उभं राहू दिलं नाही.

आशाबाई पुढं होत्या. चष्मा, सुती साडी, शाळेचा आवाज. त्यांनी परात उचलली. "समस्त गावकरी मंडळींकडून!" त्या वाचत. बायका माना डोलवत. कळशी झाली, समई झाली. मग त्यांनी ताट उचललं.

ताट त्यांनी जरा तिरपं केलं. वाचणारी माणसं करतात तसंच. ऊन त्याच्यावर आलं आणि मी पायरीवर बसून दोन दिवस झाकलेलं सगळं वर आलं. मला ते पाच हातांवरून दिसलं. आशाबाईंचे ओठ हलले, आवाज नव्हता. सरूबाईनं बाजेचा खूर धरला.

"वाचा की, बाई," मागून कुणी तरी म्हणालं. "का अक्षर येत नाय?"

बायका हसल्या. आशाबाईंनी ताटावरून नजर काढली आणि आवडाकडं बघितलं. मग व्यंकटरावांकडं बघितलं. ते फेटा वर करण्याच्या नादात होते. मग आशाबाईंनी वाचलं, आख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं. "सप्रेम भेट, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी आवडा हिस, व्यंकटराव मामा, उस्मानपुरा, यांजकडून!"

"आन् वर काय हाय बारीक बारीक?" एका म्हातारीनं मान पुढं घालून विचारलं.

"वर वेल हाय," आशाबाई म्हणाल्या. "लई नाजूक काम हाय."

म्हातारीनं हात पुढं केला, पण ताट आशाबाईंनी तिच्या हातात दिलं नाही. बाजेवर पालथं ठेवलं. मग त्यांनी दुसरं ताट उचललं आणि तोच मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग पातेलं. मग तांब्या. आठ भांड्यांवर आठ वेळा. एकदाही त्यांनी 'वरीलप्रमाणे' म्हटलं नाही. प्रत्येक भांडं वाचून झालं की पालथं.

"कळलं हो, मामानं दिलं ते," शेवटी एक जण म्हणाली.

"कळायलाच पायजे," आशाबाई म्हणाल्या.

सरूबाईनं बाजेचा खूर सोडला आणि जेवायला गेली. सकाळपासून ती जेवली नव्हती.

आम्ही निघालो तेव्हा आशाबाई माझ्याकडं आल्या. मी कोण ते त्यांनी विचारून घेतलं होतं.

"वेल तुम्ही घातला?"

"हो."

"ताटावर शेवटच्या टोकाला उघडं राहिलंय. दोन पानं कमी पडली."

"जागा नव्हती, बाई."

"जागा आहे. मी नीट बघितलं. तिथं कळी बसेल." त्या शाळेत सांगतात तसं सांगत होत्या. "पुढच्या महिन्यात सुनेला घेऊन शहरात येणार आहे. भांडी आणते. तोवर ती मी माझ्या कपाटात ठेवते, म्हणजे कुणी उगीच उन्हात काढणार नाही."

त्या आल्या. आठही भांडी पिशवीत होती आणि आवडा बरोबर होती. मी कळ्या घातल्या. आशाबाईंनी एकेक भांडं पायरीवरच्या उन्हात धरून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं आणि मगच पिशवीत भरलं. तिथून दोघी उस्मानपुऱ्याला गेल्या, मामाकडं जेवायला.